गंगाजळीचा हिशेब

२०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या हिरवळींवर तंबू पडले, तेव्हा बातम्यांमधून रोज एकच घोषणा कानावर यायची. ‘डिस्क्लोज! डायव्हेस्ट!’ पैसा कुठे लावलाय ते उघड करा, आणि तिथून काढून घ्या. वाद झाला तो सगळा दुसऱ्या शब्दावर. इस्रायलच्या लष्कराला माल पुरवणाऱ्या कंपन्यांतून पैसा काढावा की नाही, काढला तर तो ज्यूद्वेष ठरतो का, पोरांना कुणाची फूस आहे, पोलीस बोलावणं बरोबर की चूक. माझं लक्ष मात्र पहिल्या शब्दापाशीच अडकलं. त्याला कारण माझी नोकरी. उभी हयात म्युच्युअल फंडांच्या हिशेबखात्यात गेली. कुणाचा पैसा आला, कुठे लागला, आजची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची त्या दिवशीची किंमत, जुळली का, हेच. रात्री नऊ वाजता एका पैशाचा फरक शोधत बसलेल्या बाईला ‘आमचे पैसे कुठे आहेत ते दाखवा’ ही मागणी क्रांतिकारक वगैरे वाटत नाही. ती साधी ऑफिसातली मागणी वाटते.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांची गंगाजळी ही आपल्या कल्पनेपलीकडची चीज आहे. तेव्हा हार्वर्डची ५० अब्ज डॉलरांच्या आसपास होती, कोलंबियाची साडेतेरा अब्जांच्या घरात. पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या देणग्या, त्यावरचं उत्पन्न, त्यातला थोडा भाग दरवर्षी खर्चायचा आणि मूळ रक्कम वाढती ठेवायची. आपल्याकडे एखाद्या ट्रस्टची शाळा असली तर तिचा पैसा बँकेत एफडीत पडून असतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३५ विश्वस्तांना फार इकडेतिकडे हलूच देत नाही. तिकडे येल विद्यापीठात १९८५ साली डेव्हिड स्वेन्सन नावाचा माणूस आला आणि त्यानं पैसा साध्या शेअर-रोख्यांमधून काढून हेज फंड (मोजक्या श्रीमंतांचे खासगी फंड), प्रायव्हेट इक्विटी (बाजारात नसलेल्या कंपन्यांतली भागीदारी), जंगल, जमीनजुमला असल्या ठिकाणी वळवला. परतावा डोळे दिपवणारा आला. बाकीच्या विद्यापीठांनी हाच कित्ता गिरवला. त्यात एक गोष्ट मात्र झाली. पैसा आता विद्यापीठाच्या हातात राहिला नाही, तो बाहेरच्या व्यवस्थापकांकडे गेला. आणि ते व्यवस्थापक ताकास तूर लागू देत नाहीत, कारण न सांगणं हाच त्यांचा धंदा.

मुलगी बॉस्टनजवळ राहते. तिच्याकडे गेले असताना एक दिवस आम्ही प्रॉव्हिडन्सला गेलो, ब्राऊन विद्यापीठ बघायला. जावयांना वाटलं, सासूबाईंना जुन्या इमारती आवडतात. आवडतातच. पण मला ते विद्यापीठ बघायचं होतं त्याचं कारण वेगळं होतं. कोलंबियात पोलीस इमारतीत शिरले, कॅलिफोर्नियात हाणामारी झाली. ब्राऊनमध्ये मात्र तंबू वाटाघाटीनं उठले. ३० एप्रिल २०२४ ला करार झाला. विद्यार्थ्यांनी तंबू काढायचे, आणि विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळानं, म्हणजे तिथल्या ‘कॉर्पोरेशन’नं, ऑक्टोबरात डायव्हेस्टमेंटवर मतदान घ्यायचं. अख्ख्या प्रकरणात इतकं शहाण्यासारखं वागलेली माणसं मला दुसरीकडे फारशी दिसली नव्हती.

त्याच्या मागे बराच इतिहास होता. २०१९ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी सार्वमत घेतलं होतं, त्यात मत देणाऱ्यांपैकी ६९ टक्क्यांनी डायव्हेस्टमेंटच्या बाजूनं कौल दिला. पुढे विद्यापीठाच्याच सल्लागार समितीनं तशी शिफारस केली. ती अध्यक्षा क्रिस्टिना पॅक्सन यांनी स्वीकारली नाही. मग ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. हमासनं इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझावर जे सुरू झालं, त्यात वर्षभरात तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार ४१ हजारांवर माणसं गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्राऊनच्या युनिव्हर्सिटी हॉलमध्ये ठिय्या देऊन बसलेल्या २० विद्यार्थ्यांना अटक झाली. ते वीसच्या वीस ज्यू होते. डिसेंबरात आणखी ४१ जणांना. फेब्रुवारीत १९ जण आठवडाभर उपोषणाला बसले. उपोषण म्हटलं की आपण मराठी माणसं लगेच सावरून बसतो. ब्राऊनवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

मागणी दहा कंपन्यांची होती. बोइंग, एअरबस, नॉर्थरॉप ग्रमन, जनरल डायनॅमिक्स, आरटीएक्स, जनरल इलेक्ट्रिक, मोटोरोला सोल्युशन्स, व्होल्वो, सफारीलँड आणि टेक्स्ट्रॉन. यातली टेक्स्ट्रॉन म्हणजे बेल हेलिकॉप्टरवाली. तिचं मुख्यालय प्रॉव्हिडन्समध्येच आहे, टेकडीवरच्या विद्यापीठातून उतरून पायी गाठता येईल इतक्या अंतरावर. दूरदेशीच्या युद्धाबद्दल भांडणारी मुलं आणि त्या यादीतली कंपनी, दोघं एकाच गावात राहणारी.

उन्हाळाभर दोन्हीकडून दबाव आला. २४ राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी, म्हणजे मुख्य सरकारी वकिलांनी, पत्र लिहून बजावलं की डायव्हेस्ट कराल तर आमच्या राज्यांच्या कायद्यांनुसार आम्हालाच तुमच्याशी संबंध तोडावे लागतील. हेज फंड चालवणाऱ्या एका विश्वस्तानं, निव्वळ मतदान होणार म्हणून, राजीनामा दिला. शेवटी सल्लागार समितीनं ८ विरुद्ध २ अशा मतांनी, एक तटस्थ, डायव्हेस्टमेंटच्या विरोधात कौल दिला आणि ऑक्टोबरात कॉर्पोरेशननंही नकार कळवला. त्यातलं मुख्य कारण मी दोनदा वाचलं. विद्यापीठाची या दहा कंपन्यांत थेट गुंतवणूक नाही, आणि बाहेरच्या व्यवस्थापकांमार्फत जी अप्रत्यक्ष आहे ती इतकी किरकोळ आहे की तिच्यामुळे विद्यापीठ कोणत्याही हानीला जबाबदार ठरत नाही.

हिशेब म्हणून यात खोट नाही. साडेसहा अब्जांच्या पोर्टफोलिओत एखाद्या फंडाच्या पोटात एखाद्या कंपनीचे चार शेअर निघाले, तर टक्केवारी दशांश चिन्हाच्या पुष्कळ उजवीकडे जाते. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला इथेच हसू येतं. इतकं किरकोळ आहे हे ठरवायला आकडा कुणीतरी काढलाच असणार ना? आकडा निघतो, म्हणजे यादी आहे. यादी आहे, तर ती दाखवायला काय हरकत? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर ती अब्जावधींची.

आपल्याकडे, ज्या बाजाराला आपण उठसूट नावं ठेवतो तिथे, सेबीच्या नियमानं प्रत्येक म्युच्युअल फंडाला दर महिन्याला आपला सगळा पोर्टफोलिओ वेबसाइटवर टाकावा लागतो. कंपनीचं नाव, शेअर किती, बाजारभावानं किंमत किती, निव्वळ मालमत्तेच्या किती टक्के. सदाशिव पेठेतला महिना हजाराची एसआयपी भरणारा पेन्शनर ते बघू शकतो. (बघत नाही हा भाग वेगळा. तो एनएव्ही बघतो आणि पेपर मिटतो.) ती यादी वेळेत चढवण्यासाठी मी महिन्याच्या सुरुवातीचे कित्येक शनिवार ऑफिसात काढलेत. ब्राऊनमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला, तिथे वर्षाला हजारो डॉलर भरणाऱ्या पालकांना, तेवढा हक्क नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या मे महिन्यात एक मजेशीर गोष्ट घडली. तिथले मुख्य गुंतवणूक अधिकारी जगदीप सिंग बच्छेर यांनी रीजेंट्सच्या, म्हणजे तिथल्या नियामक मंडळाच्या, बैठकीत सरळ आकडे मांडले. विद्यार्थ्यांच्या सगळ्या मागण्या शब्दशः मानल्या तर १७५ अब्ज डॉलरांपैकी ३२ अब्जांना हात लावावा लागेल. त्यात शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्या ३.३ अब्जांच्या, ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीकडे ८.६ अब्ज, आणि १२ अब्ज चक्क अमेरिकेच्या सरकारी रोख्यांत. म्हणजे इस्रायलला शस्त्रं देणारं सरकार तेच, तेव्हा त्याचे रोखेही विका. मागणी ताणली की कुठवर जाते हे दाखवून तिला निकालात काढण्यासाठीच ही बेरीज मांडली असणार. असू दे. मला मात्र त्यातून उलटंच काही दिसलं. एका दुपारी, चार ओळींत, एवढ्या मोठ्या पेढीचा हिशेब सांगता येतो. सांगितल्यानं छप्पर कोसळलं नाही. उलट मुलांनाही कळलं की आपल्या मागणीतली कुठली ओळ धरण्याजोगी आहे आणि कुठली सोडून द्यावी.

तर ब्राऊन. युनिव्हर्सिटी हॉल ही तिथली सगळ्यात जुनी इमारत, लाल विटांची. तिच्या एका अंगाला मेन ग्रीन, जिथे तंबू होते. आम्ही गेलो तेव्हा अर्थातच तिथे पोरं गवतावर लोळत फ्रिस्बी खेळत होती. इमारतीच्या दुसऱ्या अंगाच्या हिरवळीवर एक स्मारक आहे. मार्टिन प्युरिअर या शिल्पकाराचं, २०१४ मधलं. जमिनीत अर्धा रुतलेला लोखंडाचा प्रचंड काळा गोळा, त्याला साखळीच्या जाडजूड कड्या, आणि वरची कडी तुटलेली. तुटल्या जागी धातू आरशासारखा घासलेला आहे. वाकून पाहिलं तर त्यात आकाश दिसतं. माझ्या नातवानं वाकून पाहिलं तर त्याला त्याचं नाक दिसलं.

हे स्मारक विद्यापीठानंच आपल्या पैशाच्या इतिहासासाठी उभारलंय. २००३ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षा रूथ सिमन्स यांनी एक समिती नेमली. सिमन्स म्हणजे आयव्ही लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांपैकी एकाचं अध्यक्षपद मिळालेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. गुलामांच्या व्यापाराशी या संस्थेचं नातं काय, हे त्या समितीनं शोधायचं होतं. २००६ मध्ये अहवाल आला. ज्या ब्राऊन घराण्याचं नाव विद्यापीठाला आहे, त्या भावांच्या पेढीनं विद्यापीठाच्याच स्थापनेच्या वर्षी, १७६४ मध्ये, ‘सॅली’ नावाचं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला पाठवलं होतं. जहाजावर १७ हजार गॅलनांहून अधिक रम. ती देऊन १९६ माणसं विकत घेतली. त्यातली किमान १०९ मेली. चार भावांतला एक, मोझेस, पुढे गुलामगिरीचा कडवा विरोधक झाला. दुसरा, जॉन, शेवटपर्यंत त्या व्यापाराचं समर्थन करत राहिला, आणि तोच वीस वर्षांहून जास्त काळ विद्यापीठाचा खजिनदार होता.

‘सॅली’ची हिशेबाची वही शाबूत आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या जॉन कार्टर ब्राऊन ग्रंथालयात ती जपून ठेवलीय आणि तिची पानं इंटरनेटवर बघता येतात. मी ती परत आल्यावर घरी बघितली. अक्षर वळणदार, इंग्रजी जुनं. किती गॅलन रम गेली, बदल्यात काय आलं. आणि मग मृत्यूंच्या नोंदी. तारीख, बाई की पुरुष की मूल, आणि मेलेल्यांचा चढता क्रमांक. नावं नाहीत. क्रमांक मात्र न चुकता. जहाजावरचा माल कमी होतोय म्हणून ती नोंद. त्या वहीपुढे मी बराच वेळ बसले होते, कारण तो हिशेब चांगला लिहिलेला आहे. असं म्हणणं भयंकर आहे, पण तसं आहे खरं. मालकांना हिशेब हवा होता आणि कप्तानानं तो चोख ठेवला. त्या वहीमुळेच अडीचशे वर्षांनंतर समितीला बोट ठेवायला ओळ मिळाली.

२०२४ मध्ये बाहेरच्या व्यवस्थापकांकडे असलेल्या गुंतवणुकीतली एकही ओळ असं बोट ठेवता येण्याजोगी मला सापडली नाही. एवढं एक मला खटकतं, आणि बाकी सगळ्या वादापेक्षा जास्त खटकतं. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी मागे ठेवली त्याहून कमी माहिती एक आधुनिक, सभ्य, संशोधनाला वाहिलेलं विद्यापीठ मागे ठेवणार आहे.

विकून काय होतं, हा प्रश्न उरतोच. शेअर आपण विकले की दुसरा कुणी घेतो, कंपनीच्या तिजोरीतून छदामही जात नाही. हे मी नोकरीत असताना कितीतरी लोकांना समजावलंय आणि ते खरंच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वेळीही ते खरं होतं. १९८५ च्या एप्रिलमध्ये कोलंबियाच्या हॅमिल्टन हॉलचे दरवाजे विद्यार्थ्यांनी तीन आठवडे अडवून ठेवले, ऑक्टोबरात विश्वस्तांनी गुंतवणूक काढायचं ठरवलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं ३ अब्ज डॉलरांहून अधिकची गुंतवणूक काढायचा निर्णय घेतला. त्यानं जोहान्सबर्गचा शेअर बाजार काही आपटला नाही. पण १९८६ च्याच ऑक्टोबरात अमेरिकन काँग्रेसनं राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंधांचा कायदा केला. विद्यापीठांनी तिथल्या कंपन्यांत पैसा ठेवणं लाजिरवाणं करून ठेवलं होतं, आणि लाजेची किंमत बॅलन्सशीटवर दिसत नाही. आपण तर त्याच्या कितीतरी आधी, १९४६ मध्ये, स्वातंत्र्यही हाती नसताना, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. आपल्या निर्यातीचा सुमारे ५ टक्के भाग तिकडे जायचा, तो सोडला. १९७४ मध्ये तर डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचून आपण खेळलोच नाही. समोर दक्षिण आफ्रिका होती.

माझी एक सहकारी अलिबागकडची बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. शनिवारी सुट्टीच घेणारी, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध मराठी बोलणारी. तिचा भाऊ इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, तिथे मराठी बोलणारं माणूस शोधावं लागत नाही. मी हे सगळं तिला फोनवर सांगत होते तेव्हा ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “अगं, तुम्हा लोकांना गाझाच्या इस्पितळांची नावं पाठ झालीत. माझा भाऊ नातवंडांना घेऊन तळघरात धावतो, तेव्हा त्याच्या गल्लीचं नाव कुणी विचारलंस?” मी विचारलं नव्हतं. ती गल्लीचं नाव सांगून पुढे म्हणाली, “कंपन्यांचं काय ते करा. पण उद्या माझ्या भाचीला, ती हैफाला शिकते म्हणून, कुठल्या परिषदेत बोलू देणार नाहीत. ते मला चालणार नाही.” यावर आमचं एकमत झालं, बाकीच्यावर नाही. कंपनीचा शेअर विकणं आणि माणसाला दार बंद करणं यात फरक आहे असं मलाही वाटतं. दोन्ही मागण्या एकाच पत्रकात छापणाऱ्यांनी आपल्या बाजूचं नुकसान करून घेतलंय. ब्राऊनची मागणी दहा कंपन्यांपुरती होती, म्हणूनच ती मला पटण्यासारखी वाटली.

आणि गंगाजळी हे राजकीय हत्यार नव्हे, हे ब्राऊनचं म्हणणं? याच संस्थेनं तंबाखू कंपन्यांमधून २००३ मध्ये आणि दारफूरच्या हत्याकांडानंतर, २००६ मध्ये, सुदानशी धंदा करणाऱ्या कंपन्यांमधून पैसा काढलाय. तेव्हा हत्यार होतं, आता नाही, असं काही असेल. गंमत म्हणजे पैशाचं हत्यार दुसऱ्या बाजूनं विद्यापीठावरच चाललं. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं ब्राऊनचा ५१ कोटी डॉलरांचा संशोधननिधी अडवायचा पवित्रा घेतला. जुलैमध्ये समझोता झाला, ब्राऊननं दहा वर्षांत ५ कोटी डॉलर राज्यातल्या रोजगार प्रशिक्षण संस्थांना द्यायचे. मुलांना नकार दिला म्हणून सरकार खूश झालं असंही नाही.

या उलट सॅन फ्रान्सिस्को स्टेट. नोकरी करत शिकणाऱ्या मुलांचं सरकारी विद्यापीठ, गंगाजळी ब्राऊनच्या मानानं चिल्लर. तिथल्या अध्यक्षा हिरवळीवर येऊन मुलांशी उघड्यावर बोलल्या. गुंतवणूक लोकांना बघता येईल अशी मांडायचं ठरलं, मग शस्त्रांतून ५ टक्क्यांहून जास्त उत्पन्न मिळवणाऱ्या कंपन्या नकोत असा नियम झाला. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत लॉकहीड मार्टिन, लिओनार्दो, पॅलंटिर आणि कॅटरपिलर यादीतून गेल्या होत्या. क्रम लक्षात घ्या. आधी यादी, मग चर्चा.

हे सगळं वाचत असताना मी माझीही यादी काढली. निवृत्तीनंतरचा बराचसा पैसा निफ्टीच्या इंडेक्स फंडात आहे, भाच्याच्या सल्ल्यानं. निफ्टीत अदानी पोर्ट्स आहे. हैफा बंदरात ७० टक्के हिस्सा अदानींचा आहे, जानेवारी २०२३ पासून. बंदर हे बंदर आहे, त्यातून गहूही उतरतो, त्यावरून मी रान उठवणार नाही. पण निफ्टीत अदानी एंटरप्रायझेसही आहे, आणि त्या समूहाचा हैदराबादेत इस्रायलच्या एल्बिट सिस्टिम्सबरोबर ड्रोनचा कारखाना आहे, २०१८ पासून. हर्मिस ९०० जातीचे ड्रोन. एल्बिट म्हणजे इस्रायली लष्कराचा मोठा पुरवठादार. माझ्या फंडाच्या यादीत ती ओळ आहे, टक्केवारीसकट.

भाच्याला फोन केला. तो हसला. “मावशी, इंडेक्स म्हणजे पन्नासच्या पन्नास घ्यायच्या. एक नको म्हणून चालत नाही.”

“मग दुसरा फंड?”

“खर्च जास्त पडेल. शिवाय आत्ता विकलंस तर कॅपिटल गेन लागेल. आणि तू कुठे घेतलेत अदानी? फंडानं घेतलेत. तुझा त्यातला वाटा काढला तर चहाचे पैसेसुद्धा व्हायचे नाहीत.”

“किती होतील ते काढून पाठव,” म्हटलं, “आणि टॅक्स किती लागेल तेही.”

दोन्ही आकडे त्यानं रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. चहाचे म्हणाला होता, पण बऱ्यापैकी जेवण झालं असतं.